मिठाचा खडा आणि नोबेलचा स्फटिक: जाळं एकच!

८ ऑक्टोबर २०२५ ला रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना जाहीर झालं. काम होतं ‘एमओएफ’चं, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून बनवलेल्या सच्छिद्र स्फटिकांचं. बातम्या वाळवंटातल्या हवेतून पाणी काढण्यापाशीच थांबल्या. मला त्यामागची युक्ती जास्त भारी वाटते, कारण ती समजली की एआयच्या एका मोठ्या दाव्याकडेही नीट बघता येतं.

थळ किंवा रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेलं मासेमारीचं जाळं आठवा. ताणा, चुरगाळा, गुंडाळा. छिद्रांचा आकार बदलतो, पण कुठली गाठ कुठल्या गाठीला बांधली आहे ते बदलत नाही. स्फटिकाचंही तसंच करायचं. अणू किंवा अणूंचा गट म्हणजे गाठ, जोडणी म्हणजे धागा, बाकी सगळं पुसून टाकायचं. उरतं ते त्रिमितीय जाळं. ए. एफ. वेल्स यांनी अशा जाळ्यांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं. पुढे मायकेल ओकीफ आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक जाळ्याला तीन अक्षरी नाव देत डेटाबेस उभारला.

आता उरण-पेणच्या मिठागरातला खडा घ्या. त्यात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. जाळ्याचं नाव ‘पीसीयू’. याघींच्या गटाने १९९९ मध्ये जगासमोर आणलेल्या एमओएफ-५ मध्ये गाठीच्या जागी जस्त-ऑक्सिजनचा गट आहे आणि धाग्याच्या जागी टेरेफ्थॅलेट, म्हणजे ज्या आम्लापासून पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या बनतात त्याचाच अंश. रासायनिकदृष्ट्या मिठाशी काडीचा संबंध नाही. तरी जाळं तेच, पीसीयू! फक्त मिठात दोन गाठींमधलं अंतर ०.२८ नॅनोमीटर आहे, इथे सुमारे १.३. धागा लांबला, म्हणून आत वायू साठवायला जागा झाली.

आपल्या दगडातही हे सापडतं. सह्याद्रीच्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट नावाची खनिजं असतात. खंडाळ्याच्या घाटातले नमुने प्रसिद्ध आहेत. कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन, वर पाणी... सूत्र बघूनच डोकं गरगरतं. पण फक्त सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या गाठी ठेवा, मधला ऑक्सिजन धागा समजा. प्रत्येक गाठीला चार धागे, बस्स. ह्युलँडाइट आणि क्लिनोप्टिलोलाइट ही खनिजं दोन, जाळं एकच: ‘एचईयू’. झिओलाइटची अशी अडीचशेहून जास्त जाळी नोंदली गेली आहेत.

आता एआयकडे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुगल डीपमाइंडने २२ लाख नवे स्फटिक शोधल्याचं सांगितलं. त्यातले सुमारे ३ लाख ८० हजार सर्वांत स्थिर. २०२४ मध्ये अँथनी चीथम आणि राम शेषाद्री या रसायनशास्त्रज्ञांनी यादी तपासली आणि नावीन्य, विश्वासार्हता, उपयोग या तिन्हींवर शंका घेतली. बरेच ‘नवे’ पदार्थ म्हणजे माहीत असलेल्या रचनेत एका मूलद्रव्याच्या जागी दुसरं बसवलेलं. काहींमध्ये तर प्रोमेथियमसारखी, हाती लागणंच मुश्कील अशी किरणोत्सर्गी मूलद्रव्यं. कव्हर बदलून फोन ‘नवा’ म्हणून विकण्यासारखंच हे, असं माझं मत.

अर्थात जाळं जुनं म्हणून पदार्थ फालतू ठरत नाही. एमओएफ-५ चं जाळं मिठाचंच होतं ना! जाळ्यात मुद्दाम जे पुसलं, म्हणजे गाठीला कोण आणि धागा किती लांब, त्यावरच गुण ठरतात. मीठ पाण्यात विरघळतं, पण निदान वाळवून परत मिळतं. एमओएफ-५ दमट हवेतच मोडतो. कोकणातल्या पावसाळ्यात तो टिकणार नाही. म्हणून मी दोन प्रश्न वेगळे ठेवतो: जाळं नवीन आहे का, आणि पदार्थ प्रयोगशाळेत बनवून तपासलाय का? त्या २२ लाखांपैकी बहुतेकांना दुसरा प्रश्न अजून लागूच झालेला नाही.

स्वतः बघायचं असेल तर ओकीफ यांचा ‘आरसीएसआर’ डेटाबेस फोनवर फुकट उघडतो. पीसीयू टाका, मग ‘डीआयए’ टाका. ते हिऱ्याचं जाळं. रॉबसन यांनी १९८९ मध्ये तांब्याचे आयन आणि चार हातांचा रेणू जोडून नेमकं तेच विणलं होतं.