गेम बॉय टिकवायचा तर

निन्टेन्डोचा गेम बॉय २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. गुनपेई योकोई यांच्या चमूने त्यात मुद्दामच स्वस्त आणि पारखून घेतलेले भाग वापरले. १६० गुणिले १४४ बिंदूंचा, चार छटांचा पडदा आणि चार पेन्सिल सेल, एवढाच त्याचा थाट. या साधेपणामुळे सेल बरेच तास पुरत. साध्या रचनेचा दुसरा फायदा आज दिसतो, तो म्हणजे साडेतीन दशकांनंतरही हे यंत्र उघडून दुरुस्त करता येते. मात्र यंत्र, त्याची कॅसेट आणि कॅसेटमध्ये साठलेला डाव या तिन्हींचे आयुष्य सारखे नसते. जे आधी संपणार, त्याची काळजी आधी घ्यावी लागते.

सर्वांत अल्पायुषी असतो साठवलेला डाव. कॅसेटमधला मूळ गेम ‘मास्क रॉम’ चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला असतो आणि त्याला विजेची गरज नसते. खेळाडूची प्रगती मात्र अनेक कॅसेटमध्ये वेगळ्या रॅम चिपवर राहते. ही चिप जिवंत ठेवायला आत ३ व्होल्टचा, नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल असतो. तो संपला की गेम चालतो, पण डाव पुसला जातो. १९९६च्या पहिल्या पोकेमॉन गेममध्ये हीच व्यवस्था आहे. १९९९च्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये त्याच सेलवर घड्याळही चालते, म्हणून तो लवकर उतरतो. पुढे २००२च्या रूबी आणि सफायरमध्ये डाव फ्लॅश चिपवर गेला आणि सेल फक्त घड्याळापुरता उरला. त्यामुळे त्यांतला सेल संपला तरी डाव शाबूत राहतो.

रॅमवर डाव ठेवणाऱ्या कॅसेटचा सेल बदलण्यापूर्वी कार्ट्रिज रीडर वापरून त्या डावाची प्रत संगणकावर घ्यावी. सेल काढताच डाव जातो. नवा सेल आधीच पत्री जोडलेला घ्यावा. उघड्या सेलला थेट डाग दिल्यास तो तापून फुटू शकतो.

यंत्राचा पहिला शत्रू विसरलेले सेल. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरते आणि पत्र्यांवर पांढरे चूर्ण जमते. ते अल्कधर्मी असल्याने कापसाच्या काडीवर थोडे पांढरे व्हिनेगर घेऊन पुसावे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण सुकवावे. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करावे. यंत्र महिनाभर वापरात नसेल, तर सेल काढून ठेवणे हाच खरा उपाय.

गेम बॉय ॲडव्हान्स एसपीपासून (२००३) रिचार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी आली, तसा धोकाही बदलला. बॅटरी पूर्ण उतरलेली किंवा पूर्ण भरलेली न ठेवता साधारण अर्धी भरून ठेवावी आणि काही महिन्यांनी तपासावी. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. ती काढून ई-कचरा संकलनात द्यावी.

कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारण्याची सवय जुनी आहे. फुंकरीबरोबर ओलावा आत जातो आणि तांब्याच्या पट्ट्या गंजतात. ९० टक्के किंवा अधिक तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या पुसून वाळू द्याव्यात. पडद्यावर उभ्या रेघा गायब झाल्या, तर दोष बहुधा काचेच्या कडेच्या जोडणीत असतो. जाणकार ती हलकी ऊब देऊन पुन्हा जुळवतो. १९९०च्या सेगा गेम गियरमध्ये मात्र कपॅसिटर गळतात आणि आवाज खोल जातो किंवा पडदा अंधारतो. तेथे कपॅसिटर बदलण्याला पर्याय नाही.

साठवणुकीत हवामान निर्णायक ठरते. मुंबई, कोकण आणि गोव्यातला पावसाळा पत्र्यांना गंज आणतो, पुठ्ठ्याच्या खोक्यांना बुरशी लावतो आणि पडद्याच्या ध्रुवक थराला डागाळतो. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि पावसाळ्यात त्याची अधूनमधून पाहणी, एवढे केल्यास बरेच नुकसान टळते. उन्हाने फिकट प्लॅस्टिक पिवळे पडते, म्हणून डबा खिडकीपासून दूर ठेवावा. प्रत्येक गेमची नोंद करावी आणि त्यात देश, आवृत्ती, सेलचा प्रकार व बदलल्याची तारीख असावी. नोंद नसलेला संग्रह पुढच्या माणसाला उलगडत नाही.

केवळ डाउनलोडवर मिळालेल्या गेमचा प्रश्न याहून बिकट आहे. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डो ३डीएसचे ऑनलाइन दुकान खरेदीसाठी बंद झाले आणि तिथेच मिळणारे गेम नव्या खेळाडूंना विकत घेता येईनासे झाले. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या अभ्यासात दिसले, की अमेरिकेत २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात उपलब्ध नव्हते. चित्रपट किंवा पुस्तकांप्रमाणेच गेमही त्या काळाचा दस्तऐवज आहेत. बाजार ते जपत नसेल, तर ग्रंथालये आणि संग्रहालयांना जपण्याची कायदेशीर मोकळीक असायला हवी. तोवर चालू स्थितीतली प्रत्येक मूळ कॅसेट आणि तिची नीट नोंद, हाच जपणुकीचा पाया आहे.