संकेतस्थळांची जाळरेषा

चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनरक्षकांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. गेल्या वर्षी काढलेली जाळरेषा या वर्षीचा वणवा अडवीत नाही. पावसाळ्यात गवत पुन्हा माजते व उन्हाळ्यापूर्वी ते पुन्हा साफ करावे लागते. याच दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी व कार्यालयांनी आपल्या संकेतस्थळांबाबतही हाच नियम पाळावयास हवा.

गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीस स्थापन झाले. प्रवेश, परीक्षा, निकाल आणि शिष्यवृत्ती यांच्या सूचना आता संकेतस्थळांवरच झळकतात. सिरोंचा किंवा भामरागडच्या विद्यार्थ्यास गडचिरोली दीडशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. त्याचा सूचनाफलक म्हणजे हे संकेतस्थळच. त्यावर कोणी खोटी तारीख लावली, अथवा त्याच्या अर्जातील माहिती चोरली, तर खातरजमा करण्यास त्याने जावे कोठे?

वर्डप्रेस, ड्रुपल यांसारख्या विनामूल्य तयार आज्ञावलींवर जगभरातील असंख्य संकेतस्थळे उभी आहेत. त्यात गैर काहीच नाही. कोणतीही आज्ञावली निर्दोष नसते. दोष आढळताच कर्ते दुरुस्ती प्रसिद्ध करतात. परंतु कोणते कुलूप कच्चे होते, हे त्या दुरुस्तीवरूनच चोरालाही उमगते. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमधील एका गंभीर दोषावरील दुरुस्ती जाहीर झाली आणि काही तासांतच हल्ले सुरू झाले. सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेले प्रत्येक स्थळ फोडले गेले असे गृहीत धरावे, असा इशारा ड्रुपलच्या सुरक्षा पथकालाच पुढे द्यावा लागला. २०१७ च्या आरंभी वर्डप्रेसमधील दोषामुळे परवलीच्या शब्दावाचून कोणालाही पानावरील मजकूर बदलता येत होता. दुरुस्ती उपलब्ध असूनही ती न केलेल्या स्थळांवरील लक्षावधी पाने विद्रूप झाली.

'आमच्या लहानशा महाविद्यालयाच्या वाटेस कोण जाणार?' हा युक्तिवाद येथे टिकत नाही. हल्लेखोर नाव पाहून दार निवडीत नाही. त्याचे यंत्र एकामागून एक सर्वच दारे ठोठावते व उघडे सापडेल तेथे शिरते.

दोषाचे मूळ बहुधा करारात असते. स्थळ उभारण्यास पैसा मिळतो, उद्घाटन होते; देखभालीची तरतूद मात्र राहून जाते. परवलीचा शब्द ठाऊक असलेल्या लिपिकाची बदली झाली की स्थळ बेवारस होते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनांची वर्दी सहा तासांत द्यावयाची आहे. परंतु ज्या स्थळाकडे महिनोन्‌महिने कोणी पाहतच नाही, त्याची वर्दी देणार कोण?

मार्ग अवघड नाही. जिल्ह्यांची शासकीय संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सामायिक व्यवस्थेतून चालतात. तेथे एका ठिकाणी केलेली दुरुस्ती सर्वांस लाभते. विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांसाठी अशीच सोय करावी. ती होईपर्यंत प्रत्येक संस्थेने एका कर्मचाऱ्यास लेखी जबाबदारी द्यावी, अंदाजपत्रकात देखभालीचा खर्च धरावा आणि संपूर्ण मजकुराची प्रत वेगळी जपून ठेवावी. ज्या सूचनेवर विद्यार्थ्याचे वर्ष अवलंबून आहे, ती खरी असल्याची हमी देणे हे संस्थेचे कर्तव्यच आहे.