भरिताची पंगत आणि हॉकीचे मैदान

पौषातील थंडी गिरणेच्या खोऱ्यात उतरली, की भडगाव परिसरातील मळ्यांमध्ये सायंकाळी धूर दिसू लागतो. हा धूर केवळ शेकोट्यांचा नसतो. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर हिरवट-पांढरी, भल्या आकाराची वांगी भाजली जात असतात. मग ती सोलून, हिरवी मिरची आणि लसणासह लाकडी बडजीत कुटली जातात. वर कांद्याची पात, कोथिंबीर आणि तळलेले शेंगदाणे पडतात. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी असते. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी ते जळगावच्या केळीलाही मिळाले. परंतु खान्देशी माणसाने भरिताला मान दिला, तो कोणा कार्यालयाच्या शिक्क्याची वाट पाहून नव्हे. त्याच्या लेखी भरीत हा केवळ खाद्यपदार्थ नाही. ते माणसे जमवण्याचे निमित्त आहे.

माणसे जमली की गप्पा आल्याच. कापसाचा भाव, गिरणा धरणातील साठा आणि आवर्तनाची तारीख, केळीच्या बागेची निगराणी, पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाची खोली, आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकी अशी वळणे घेत गप्पा शेवटी खेळावर येतात. खेळ म्हणजे अर्थातच क्रिकेट. तरीही अशा मंडळींत एखादा निवृत्त शिक्षक, फौजेतून परतलेला एखादा जवान किंवा एस.टी.तील एखादा जुना चालक असा निघतो, ज्याला क्रिकेटपेक्षा हॉकी प्रिय असते. तो थोडा वेळ ऐकून घेतो आणि मग म्हणतो, "हाई काय खेळ शे का भो? दिवसभर उभं ऱ्हावानं!" मग हशा पिकतो आणि विषय हॉकीकडे वळतो.

२०२३ च्या जानेवारीत ओडिशात हॉकीचा विश्वचषक भरला, तो ऐन भरिताच्या हंगामात. २२ जानेवारीला, रविवारी सायंकाळी भुवनेश्वरला भारताची गाठ न्यूझीलंडशी पडली. भारत आधी २-०, मग ३-१ असा पुढे होता. न्यूझीलंडने ३-३ अशी बरोबरी साधली आणि निर्णायक फटक्यांच्या लढतीत भारत ५-४ असा हरला. उपान्त्यपूर्व फेरीही गाठता आली नाही. असा पराभव हॉकीप्रेमी सहजी विसरत नाही. त्याआधी ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत जर्मनीला ५-४ असे हरवून भारताने एकेचाळीस वर्षांनी ऑलिम्पिक पदक मिळवले होते. पुढे ८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्पेनला २-१ असे नमवून पुन्हा कांस्यपदक मिळाले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी बिहारमधील राजगीर येथे दक्षिण कोरियाला ४-१ असे हरवून भारताने आशिया चषकही जिंकला. पदक मिळाले की गप्पांना उधाण येते, हरले की हळहळ होते. मात्र या साऱ्या उत्साहात कोणीतरी एक प्रश्न विचारतो आणि मंडळी गप्प होतात. "हाई समदं खरं भो, पन आपला गावमा हॉकी खेयस कोन?"

भडगावच्याच नव्हे, तर महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या क्रीडाजीवनाचे मर्म या साध्या अहिराणी प्रश्नात आहे. हॉकीवर प्रेम करणारे आहेत. पण हातात काठी घेणारे कोठे आहेत?

स्मरणाचे वैभव

हॉकीप्रेमींच्या स्मरणात जे आहे, ते उगाच जपलेले नाही. १९२८ ते १९५६ या काळात भरलेल्या सहाही ऑलिम्पिक स्पर्धांत भारताने सुवर्णपदक मिळवले. आठ सुवर्णपदकांसह आजवर हॉकीत एकूण तेरा ऑलिम्पिक पदके भारताच्या नावावर आहेत. अ‍ॅम्स्टरडॅमला गेलेल्या पहिल्या संघाचे कर्णधार जयपाल सिंह हे आजच्या झारखंडमधील मुंडा समाजाचे सुपुत्र होते. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनमध्ये मेजर ध्यानचंद यांच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला त्यांच्याच भूमीवर ८-१ असे पराभूत केले. सामन्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत भारतीय खेळाडूंनी तिरंग्याला वंदन केले होते. पारतंत्र्याच्या काळातील ते वंदन होते. १२ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याचा पहिला वर्धापनदिन तीन दिवसांवर असताना, लंडनच्या वेम्बली मैदानावर भारताने ब्रिटनला ४-० असे हरवले. कालपर्यंतच्या राज्यकर्त्यांच्या राजधानीत भारताचा ध्वज उंच चढला. त्या संघात शीख होते, अँग्लो-इंडियन होते, ख्रिस्ती होते, मुंबईचे खेळाडूही होते. देश एक आहे हे सांगायला त्या दिवशी भाषणाची गरज पडली नाही.

१९७५ च्या मार्चमध्ये क्वालालंपूर येथे पाकिस्तानला २-१ असे हरवून अजितपाल सिंगच्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा तो सामना देशाने रेडिओवर ऐकला. जसदेव सिंह यांच्या हिंदी समालोचनाने चेंडू कोठे आहे हे डोळ्यांना दिसत असे. आज साठीच्या पुढे असलेल्या पिढीची हॉकी अशी कानांनी पाहिलेली आहे.

पण स्मरण सोयीचेही असू शकते. 'हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ' हे वाक्य पिढ्यान्पिढ्या शाळेत घोकले गेले. २०१२ साली माहितीच्या अधिकारात एका शाळकरी मुलीने विचारणा केली, तेव्हा केंद्रीय क्रीडा मंत्रालयाला उत्तर द्यावे लागले, की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून अधिकृतपणे घोषित झालेला नाही. अनेकांना धक्का बसला. वस्तुतः धक्का बसण्याचे कारण नव्हते. एखादा खेळ राष्ट्रीय ठरतो, तो राजपत्रातील घोषणेने नव्हे, तर गावोगावच्या धुळीत तो खेळला जातो म्हणून. ज्या तालुक्यात हॉकीची एकही काठी नाही, त्या तालुक्यापुरता तो राष्ट्रीय खेळ केवळ पाठांतरातच उरतो.

हॉकी आपल्याकडे का आली नाही?

हॉकी भारतात रुजली ती लष्करी छावण्यांत, रेल्वेच्या वसाहतींत, पोलीस दलांत आणि मिशनरी शाळांत. महाराष्ट्रात म्हणूनच तिची दोन मोठी ठाणी झाली. एक मुंबई आणि दुसरे पुण्याजवळची खडकी. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या धनराज पिल्ले यांनी खडकीतच, तुटक्या काठ्या आणि टाकून दिलेल्या चेंडूंवर खेळाचे धडे गिरवले. त्याच धनराज यांनी चार ऑलिम्पिक व चार विश्वचषक स्पर्धा गाजवल्या आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कर्णधार म्हणून बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक परत आणले. खान्देशात भुसावळसारखे रेल्वेचे मोठे ठाणे सोडले, तर अशा खेळाला आश्रय देणारे वातावरण नव्हते. गिरणाकाठच्या गावांत कुस्तीचा आखाडा होता, विटीदांडू होता, कबड्डी-खोखो होते. हॉकी आली ती वर्तमानपत्रातून आणि रेडिओवरून.

नंतर एक मोठा अडथळा उभा राहिला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि तोवर एकदाही पदक न चुकवणारा भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. गवतावरचे चेंडूचे लाघव मागे पडले. वेग आणि दम यांना महत्त्व आले. अशा मैदानाचा खर्च कोट्यवधींचा, शिवाय सामन्यापूर्वी ते पाण्याने भिजवावे लागते. उन्हाळ्यात ज्या गावांत पिण्याच्या पाण्याचे दिवस मोजावे लागतात, तेथे खेळाच्या मैदानावर पाणी शिंपडण्याची मागणी कोण करील आणि का करावी? त्यामुळे 'आपल्याकडे टर्फ नाही, म्हणून हॉकी नाही' असे एक सोपे उत्तर तयार झाले. ते उत्तर वरवर बिनतोड वाटते. पण ते खरे आहे काय?

बोकडाचे बक्षीस

या उत्तराची परीक्षा घ्यायची असेल, तर झारखंडचा सिमडेगा आणि त्याला लागून असलेला ओडिशाचा सुंदरगढ जिल्हा पाहावा. जंगल आणि डोंगराळ शेती यांचा हा प्रदेश. येथे गावोगाव हॉकीचे सामने भरतात आणि विजेत्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. सामना संपल्यावर त्या बोकडाचीच पंगत उठते. मुले बांबूच्या काठ्यांनी खेळायला शिकतात. मैदान म्हणजे पीक निघालेले शेत किंवा गावाबाहेरचे माळरान. सुंदरगढमधील सौनामरा या एका गावाने भारताला दिलीप तिर्की हा कर्णधार दिला आणि अमित रोहिदास हा टोकियो व पॅरिसच्या पदकविजेत्या संघांतील बचावपटूही दिला. २०२४ मध्ये भारतीय महिला संघाची कर्णधार झालेली सलीमा टेटे सिमडेगा जिल्ह्यातील आहे. कृत्रिम हिरवळ या खेळाडूंच्या आयुष्यात नंतर आली. आधी आले ते गावाचे मैदान आणि गावाची पंगत.

तेथे हॉकी हा वेगळा 'क्रीडा प्रकार' नाही. पेरणी, कापणी, सण आणि जेवणावळ यांच्या रांगेत तीही बसलेली आहे. ओडिशा शासनाने २०१८ पासून राष्ट्रीय संघांना आर्थिक पाठबळ दिले, भुवनेश्वर आणि राउरकेलाला भव्य मैदाने उभारली, हे खरेच. पण शासनाने पाणी घातले ते आधीच उगवलेल्या रोपाला. रोप लोकांनी लावले होते.

महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यातील वैष्णवी फाळके २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होती. त्याच जिल्ह्यातील अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ या जानेवारी २०२४ मध्ये मस्कत येथे पाच खेळाडूंच्या हॉकीच्या विश्वचषकात रौप्यपदक मिळवणाऱ्या संघात होत्या. ग्रामीण मराठी घरांतल्या या मुली. त्यांच्या गावांनाही हॉकीचा वारसा नव्हता. प्राथमिक धडे देणारे कोणी तरी भेटले, घरच्यांनी पोरीच्या हातात काठी पाहून भुवया उंचावल्या नाहीत, आणि पुढची वाट खुली झाली. सातारा जिल्ह्यात जे घडू शकते, ते भडगाव-पाचोऱ्यात का घडू नये? ऊस पिकवणाऱ्या मातीत हॉकी रुजते आणि केळी-कापूस पिकवणाऱ्या मातीत रुजत नाही, असा काही निसर्गनियम नाही.

गप्पांपासून मैदानापर्यंत

येथे क्रिकेटला दोष देण्याची एक पद्धत आहे. तो दोष अर्धाच खरा. क्रिकेटने हॉकीचे मैदान हिसकावले नाही. हॉकीप्रेमींनी ते रिकामे सोडले, तेव्हा क्रिकेटच्या मुलांनी तेथे स्टम्प रोवले. ज्या घरात वडील हॉकीच्या पराभवावर तासभर हळहळतात, त्याच घरात मुलाने खेळायला जातो म्हटले की दहावीच्या शिकवणीची आठवण करून दिली जाते. हळहळ आणि हातभार यांत फरक आहे. पहिलीने मन मोकळे होते, दुसऱ्याने खेळाडू घडतो.

आरंभाला फारसे काही लागत नाही. प्रत्येक मोठ्या गावात माध्यमिक शाळा आहे, तिला मैदान आहे, निदान मैदानाची जागा आहे. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये नेहरू हॉकी स्पर्धा आहेच. तिच्यासाठी संघ उतरवण्याची इच्छा हवी. अकरा मुले जमत नसतील, तर पाच-पाचांचा सामना खेळता येतो. त्याला आता जागतिक मान्यताही आहे. पंधरा-वीस काठ्या आणि डझनभर चेंडू यांचा खर्च एखाद्या लग्नातील वाजंत्रीच्या खर्चापुढे नगण्य आहे. फौजेतून परतलेला जो जवान शेकोटीशी बसून पेनल्टी कॉर्नर कसा घ्यावा हे हातातल्या काडीने मातीवर रेघा ओढून दाखवतो, त्याने आठवड्यातून दोन सायंकाळी तेच मैदानावर दाखवावे. प्रशिक्षक शोधायला दूर जाण्याची गरज नाही. तो पंगतीत शेजारीच बसलेला आहे.

आणि खान्देशाजवळ तर सिमडेग्याच्या तोडीचे बक्षीस तयार आहे. तेथे बोकडाची पंगत आहे. येथे भरिताची आहे. कपाशीची शेवटची वेचणी झालेला एखादा तुकडा सारखा करावा, दोन गावांचे संघ उतरवावेत आणि हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना भरीत खिलवावे. मग जेवताना ज्या गप्पा होतील, त्या भुवनेश्वरच्या सामन्याच्या नसतील; त्या गावातल्या मुलाने मारलेल्या आणि गावातल्याच मुलाने अडवलेल्या गोलाच्या असतील. पडद्यावरच्या पराभवाची हळहळ दुसऱ्या दिवशी विरते. स्वतःच्या पोरांच्या पराभवाची चुटपुट पुढच्या रविवारी पुन्हा मैदानावर आणते. खेळ वाढतो तो या चुटपुटीवर.

गप्पा मारणे हा मराठी माणसाचा दोष मानला जातो. तो दोष नाही. गप्पांनीच १९३६ आणि १९७५ आजवर जिवंत ठेवले. ज्यांनी ध्यानचंदांना पाहिले नाही, त्यांनाही त्यांच्या काठीची जादू ठाऊक आहे, ती पारावरच्या आणि मळ्यातल्या गप्पांमुळेच. पण बियाणे कणगीत कितीही जपले, तरी पेरल्याशिवाय पीक येत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. हॉकीच्या आठवणींचे बियाणे भडगावच्या शेकोट्यांभोवती पुष्कळ जपून झाले. आता वाफसा आला आहे. पुढच्या हिवाळ्यात वांगी भाजायला काड्या गोळा होतील, तेव्हा त्यांतल्या दोन-चार मजबूत, टोकाशी वाकलेल्या काड्या पोरांसाठी बाजूला काढून ठेवल्या, तरी "आपला गावमा हॉकी खेयस कोन?" या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळालेले असेल.