दुधाचं अनुदान डेअरीकडे बघून, की गोठ्याकडे?

इकडे निपाणी, खानापूर. तिकडे कागल, चंदगड. गोठे तसेच, म्हशी तशाच, पेंडेचा खर्चही जवळपास तोच. तरी सरकारकडून मिळणाऱ्या पैशात मोठी तफावत पडते. त्याचं कारण दुधाच्या प्रतीपेक्षा दोन राज्यांच्या धोरणात जास्त आहे.

कर्नाटकने २००८ मध्ये सहकारी संघांना दूध घालणाऱ्यांसाठी लिटरमागे २ रुपये प्रोत्साहन धन सुरू केलं. पुढे ते ५ रुपयांवर गेलं. योजना कायम चालू आहे, एवढाच मोठा आधार. अट एकच, दूध ‘नंदिनी’च्या साखळीतल्या सोसायटीलाच घालायचं. खासगी संकलनाला किंवा सीमेपलीकडच्या डेअरीला घातलं की हे ५ रुपये गेले.

महाराष्ट्राची रीत वेगळी. दर कोसळले, आंदोलनं झाली की अनुदान येतं. जुलै २०२४ मध्ये ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या गायीच्या दुधाला डेअरीने ३० रुपये द्यायचे आणि सरकारने ५, असं ठरलं. ऑक्टोबरपासून ते २८ अधिक ७ झालं. इथे खासगी डेअरीचा उत्पादकही बसत होता, ही जमेची बाजू. पण जनावराला कानात बिल्ला हवा, बँक खातं आधारला जोडलेलं हवं. मुदत काही महिन्यांचीच. आणि म्हशीच्या दुधाला त्यात जागाच नव्हती.

आता सीमेवरचा हिशोब मांडा. कर्नाटकातला शेतकरी जास्त दर मिळतो म्हणून पलीकडच्या डेअरीला दूध घालतो. बेंगळुरूच्या लेखी तो ‘नंदिनी’चा नाही, मुंबईच्या लेखी तो राज्यातला नाही. दोन्हीकडे हात रिकामे! पलीकडे म्हैस पाळणाऱ्याची गतही फार वेगळी नाही.

म्हणून डेअरी बदलताना नुसतं दरपत्रक बघून चालत नाही. तो दर किती फॅट-एसएनएफला आहे, एक पॉइंट घसरला तर किती कापतात, बिल किती दिवसांनी निघतं, दिवाळीला फरक किती मिळतो आणि सरकारी पैसे धरून वर्षाला पदरात काय पडतं, हे जोडून बघायला हवं. दोन रुपये जास्त दिसणारा दर अनुदान गेल्यावर तीन रुपयांनी तोट्याचा ठरतो.

१ एप्रिल २०२५ पासून ‘नंदिनी’ दूध लिटरला ४ रुपयांनी महागलं, आणि ही वाढ उत्पादकासाठी असल्याचं सांगितलं गेलं. दूध ग्राहकाला महाग करताना सरकार शेतकऱ्याचं नाव घेतं. मग मदतही थेट शेतकऱ्याला का नको? कानातला बिल्ला आणि आधार जोडलेलं खातं एवढ्यावर गोठा ओळखता येतो, हे महाराष्ट्राने दाखवलंय. कर्नाटकने दिलेलं सातत्य त्याला जोडा, म्हशीलाही त्यात धरा. दूध कोणत्या डेअरीला जातं यापेक्षा ते कोणाच्या गोठ्यातलं आहे, हे दोन्ही सरकारांनी बघायला हवं.