पासवर्ड ही अमानत आहे

कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला सकाळी बीकेसीसाठी शेअर रिक्षाची जी रांग लागते, तिथं गेल्या महिन्यात माझ्या पुढे एक तरुण उभा होता. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, कानाला फोन. पलीकडच्या सहकाऱ्याला तो मोठ्यानं सांगत होता, "लिहून घे. एस कॅपिटल, मग माझं जन्मसाल, मग ॲट द रेट..." पासवर्ड सांगून झाला. त्या सहकाऱ्याबरोबर पुढच्या-मागच्या दहा जणांनीही तो ऐकला.

मला हसू आलं नाही. हेच मी एकदा करून बसलो आहे.

इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन पहिल्या नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. टीममधल्या एका सीनिअरनं सहज विचारलं, "भाई, तुझं लॉगिन दे ना, माझ्याकडे परवानगी यायला दोन दिवस लागतील." मी दिलं. दोन दिवसांचे दोन महिने झाले. मग एका शुक्रवारी ग्राहकाच्या चालू डेटामधल्या काही नोंदी उडाल्या. संगणकाच्या नोंदवहीत वेळ होती दुपारची 1 वाजून 47 मिनिटं, आणि नाव होतं माझं.

मॅनेजरनं केबिनचं दार लावून विचारलं, "त्या वेळी तू काय करत होतास?"

मी जुम्याच्या नमाजला गेलो होतो. नवीन असल्यामुळे तसं सांगायचीही भीड वाटायची. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप निसटायचो आणि धावत परत यायचो. त्या दिवशी ते सांगावं लागलं. गेटवरच्या कार्डाची नोंद तपासली, मी 1 वाजून 10 मिनिटांनी बाहेर पडलो होतो आणि 2 वाजून गेल्यावर परत आलो होतो. मी सुटलो. सीनिअरनंही चूक कबूल केली. त्याचा हेतू वाईट नव्हता, चुकीचा आदेश चालवला गेला होता. पण ती नोंद निघेपर्यंतचे तीन तास मी विसरलेलो नाही. माझं आडनाव, नवी नोकरी आणि ग्राहकाचा उडालेला डेटा, एवढं एकत्र आल्यावर लोक काय निष्कर्ष काढतील, हाच हिशेब डोक्यात चालू होता.

पासवर्ड कुणाला द्यायचा नसतो हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. परीक्षेत त्यावर उत्तर लिहून मार्क मिळवले होते. तरी दिला, कारण नाही म्हणवलं नाही. टीममध्ये मी एकटाच मुसलमान. नाही म्हटलं तर 'हा जरा वेगळाच आहे' असं वाटेल, अशी धास्ती. आपण त्यांच्यातलेच आहोत हे दाखवायला मी माझी किल्ली देऊन टाकली.

अज्ञान कमी, भीड जास्त

ऑफिसात सायबर सुरक्षेचं जे प्रशिक्षण होतं, ते कर्मचारी अडाणी आहेत असं धरून चालतं. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेकांना नियम पाठ असतात. घोळ होतो तो भिडेपायी. साहेबानं मागितला, शेजारच्या टेबलावरच्या ताईनं मागितला, मामूच्या मुलानं ओटीपी मागितला. नाही कसं म्हणायचं?

फसवणारे हे आपल्यापेक्षा चांगलं ओळखून आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं निमंत्रण आलं. पत्रिका म्हणून आलेली फाइल उघडली आणि खात्यातून सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गेले. पत्रिकेच्या नावाखाली आलं होतं ते मोबाइलमध्ये बसणारं ॲप, म्हणजे एपीके फाइल. दावतीचं निमंत्रण न उघडता बाजूला ठेवणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात, आणि गळ नेमका तिथंच टाकलेला असतो.

'डिजिटल अरेस्ट'मध्ये भिडेच्या जागी भीती असते. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस सांगतो की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडली, तुमच्या खात्यातून देशविरोधी लोकांना पैसे गेले. हे ऐकून कुणाचाही घसा कोरडा पडेल. आपल्या घरांत तो जरा लवकर पडतो, कारण खोट्या आरोपात अडकलेल्या कुणाची तरी गोष्ट प्रत्येक मोहल्ल्यात सांगितली जाते. म्हणून एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक हा प्रकारच नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनी हे सांगितलं आहे. असा फोन आला तर कापून टाका. उद्धटपणा वाटला तरी चालेल.

जे आपलं नाही, ते द्यायचं कसं?

नाही म्हणण्याचं बळ मला ऑफिसच्या नियमावलीतून मिळालं नाही. ते लहानपणी ऐकलेल्या एका गोष्टीतून मिळालं. पैगंबरसाहेबांना नुबुव्वतच्या आधीपासून मक्केतले लोक 'अल-अमीन' म्हणत आणि आपल्या ठेवी त्यांच्याकडे ठेवत. हिजरतच्या वेळी जिवावर बेतलेलं असतानाही त्या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अलींना मागे ठेवलं. त्यात विरोधकांच्याही ठेवी होत्या.

ऑफिसनं मला दिलेलं लॉगिन ही अशीच ठेव आहे. त्या लॉगिनच्या मागे ग्राहकांचे आधार, पॅन, पगार, आजारपणाचे कागद आहेत. माझी वस्तू असती तर मी दोस्तीखातर दिली असती. ही माझी नाहीच. असं धरलं की नकार सोपा होतो. "सर, लॉगिन देता येणार नाही, पण काम सांगा, मी आत्ता बसून करून देतो." एवढं एक वाक्य मी गेली काही वर्षं वापरतो. आजवर कुणी रागावलेलं नाही. एक-दोघांनी तोंड वाकडं केलं, त्यानं काही बिघडलं नाही.

कायदाही हेच सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण तपास सुरू होतो तो ज्याचं नाव नोंदीत आहे त्याच्यापासून, हे लक्षात ठेवा.

रोजच्या टेबलावरची अमानत

जागेवरून उठताना, चहाला असो की नमाजला, विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि एल एकत्र दाबा. स्क्रीन बंद होते. एका सेकंदाचं काम आहे.

पासवर्डमध्ये नाव, जन्मसाल, मुलाचं नाव नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. लांब पासवर्ड फोडायला अवघड आणि लक्षात ठेवायला सोपा जातो. प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवायचा, तर बिटवॉर्डनसारखी पासवर्ड सांभाळणारी मोफत ॲप आहेत. ई-मेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावाच, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचा रस्ता ई-मेलमधून जातो.

लिंक आली तर तिचा पत्ता उर्दूसारखा उजवीकडून वाचा. सुरुवातीचं एचटीटीपीएस सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे या. 'तुमचीबँक.केवायसी-अपडेट.कॉम' असं लिहिलं असेल, तर घर 'केवायसी-अपडेट.कॉम' नावाच्या कुणाचं तरी आहे. बँकेचं नाव ही त्यावर लावलेली पाटी. पाटी कुणीही लावू शकतो. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत '.बँक.इन'नं संपणाऱ्या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. हा पत्ता बँकांखेरीज कुणाला मिळत नाही. तुमच्या बँकेचा पत्ता एकदा पाहून ठेवा.

झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर स्वतःचं व्हॉट्सॲप उघडलं असेल तर निघताना बंद करा, आणि फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन खात्री करा. आधारची प्रत द्यायची वेळ आली की शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालेल का, ते आधी विचारा. यूआयडीएआयच्या साइटवर ते फुकट मिळतं. आणि 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते बघा. ओळखीचं नसलेलं कार्ड दिसलं तर तिथूनच कळवता येतं.

खातं भाड्यानं देणाऱ्यांसाठी

हा भाग लिहायला जड जातोय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. "तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार मिळतील," ही ऑफर आपल्या पोरांपर्यंत पोचलेली आहे. नोकरी नसलेल्याला ती मोहात पाडते आणि नोकरी असलेल्याला दोस्तीखातर गळ्यात पडते. त्या खात्यात कुणा म्हाताऱ्याची आयुष्यभराची पुंजी येते आणि तासाभरात पुढे जाते.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्यातले बरेचसे बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत काढले गेले, काही आपल्या देशातल्या एटीएममधूनही. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयानं 11 जणांना दोषी ठरवलं. त्यात वेगवेगळ्या समाजांची माणसं होती, आपलीही होती. बँकेची यंत्रणा फोडण्याचा मेंदू कुठेही असो, एटीएमच्या कॅमेऱ्यात चेहरा येतो तो कार्ड घालणाऱ्याचा. खातं भाड्यानं देणाऱ्याचंही तसंच. पोलीस पैशाचा माग काढत निघाले की पहिलं दार त्याचंच लागतं. "मला माहीत नव्हतं" हे सांगत वर्षं निघून जातात.

भेदभावाविरुद्ध आपण बोलतो, बोललंच पाहिजे. पण आपली ओळख पाच हजारांना भाड्यानं देऊन मग तिच्यावर संशय घेतला म्हणून तक्रार करायची, हे जमणार नाही.

फसलात तर गप्प बसू नका

भिडेची शेवटची आणि सगळ्यात महाग पडणारी जागा म्हणजे फसल्यानंतरची. लोक काय म्हणतील? शिकलेला असून फसला? अब्बांना कसं सांगू? यात रात्र जाते, आणि तेवढ्यात पैसे चार खाती ओलांडून गेलेले असतात.

1930 हा नंबर आत्ता फोनमध्ये सेव्ह करा. पैसे गेल्याचं कळताच पहिला फोन तिथं आणि दुसरा बँकेला. पैसे पुढच्या खात्यात असतानाच ते थांबवण्यासाठी ही यंत्रणा आहे, म्हणून इथं मिनिटं मोजायची. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रारही करा. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि तुम्ही बँकेकडून कळल्यापासून कामाच्या 3 दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भार येणार नाही, असं ठरलं होतं. चूक तुमची असली, ओटीपी तुम्हीच दिला असला, तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेनं सोसायचं, असंही त्यात होतं. म्हणजे चूक झालेल्या माणसालाही बोलण्यातच फायदा आहे.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणतात. आपल्या घरांत ती म्हण पोलीस ठाण्यालाही लावतात, आणि त्यामागचे अनुभव खोटे नाहीत. तरीही तक्रारदार म्हणून आत जाणं हा आपला हक्क आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. एकट्याला जड जात असेल तर मोहल्ल्यातल्या दोघांना सोबत घ्या. ज्या मंडळींना हे जमतं, त्यांनी रविवारी एक तास मशिदीच्या किंवा वाचनालयाच्या ओट्यावर बसावं आणि आल्या-गेल्याचा फोन तपासून द्यावा. हे काम कुठल्याही जलशाइतकंच मोलाचं आहे.

रांगेतल्या त्या तरुणाला मी रिक्षात बसल्यावर म्हटलं, "भाई, ऑफिसला पोचलास की पासवर्ड बदल. आम्हा सगळ्यांना पाठ झालाय." तो ओशाळला. म्हणाला, "सीनिअर होते हो, नाही कसं म्हणणार?" बीकेसी येईपर्यंत मी त्याला जुम्याच्या दिवसाची ती हकीकत सांगितली. उतरताना त्यानं विचारलं, "मग नाही म्हणायचं कसं, ते वाक्य परत सांगा ना."

मी सांगितलं. तुम्हीही पाठ करून ठेवा.