आखाडातलं माहेर

लग्नानंतरचा पहिला आखाड आला, की आपल्या भागात नव्या नवरीला माहेरी नेण्याची बोलणी सुरू होतात. घर मराठी असो वा कानडी, रीत एकच.

माझ्या पुतण्याचं लग्न वैशाखात झालं. सून कानडी घरातली, माहेर धारवाडचं. दोघांनी टिळकवाडीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. करार अकरा महिन्यांचा. वर्षाहून जास्त मुदतीचा असला तर १९०८ च्या कायद्यानं नोंदणी करावी लागते ना! दूध ऊतू घालून संसार मांडला, तोच आखाड लागला.

मानपानावरून कधी एकमत न झालेले दोन्हीकडचे वडीलधारे यावेळी एका सुरात म्हणाले, "पोरीला पाठवा." सुनेची नोकरी नवी, रजा मिळेना. ती मला म्हणाली, "काकू, आईला भेटावंसं मलाही वाटतं. पण नोकरी गेली तर भाडं कसं भरणार?"

मग तिची आईच शेंगाचटणी आणि कडक रोट्टी घेऊन आठ दिवस राहायला आली. पुतण्या तेवढे दिवस आमच्याकडे झोपायला. वडीलधाऱ्यांचंही समाधान झालं.

रीत पाळावी की मोडावी, असा पेच पडला, तर ती कुणाच्या सुखासाठी आहे, हे आधी विचारावं. वाट बहुधा तिथंच सापडते.