गल्ला आणि जुना गुन्हा



‘तुरुंगात जाऊन आलेल्याला अमेरिकेतल्या किराणा दुकानात गल्ल्यावर कोण उभे करणार?’ हा मागील अंकातील पत्राचा सवाल अर्धवट माहितीचा आहे. वॉलमार्टने २०१० मध्येच सुरुवातीच्या अर्जातून गुन्ह्याचा प्रश्न काढला. कॅलिफोर्नियात २०१८ पासून पाच वा अधिक नोकर ठेवणाऱ्या मालकाला नोकरी देऊ केल्यावरच ही चौकशी करता येते. नकार द्यायचाच तर आधी लेखी कळवून उमेदवाराला बाजू मांडायला कामकाजाचे पाच दिवस द्यावे लागतात.

राहिली चोरीची धास्ती. (पत्रलेखकाचे खरे दुखणे हेच असावे!) तिच्यावर अमेरिकी कामगार खात्याची १९६६ पासूनची हमी योजना आहे: पहिल्या सहा महिन्यांत कामगाराने हात मारलाच, तर पाच हजार डॉलरचे संरक्षण, मालकाच्या खिशाला चाट न लागता.

पळवाटा काढणारे मालक आहेतच. पण त्याच दुकानांत खपणाऱ्या ‘डेव्हज किलर ब्रेड’चे डेव्ह डाल पंधरा वर्षे गजाआड होते, हे पत्रलेखक सोयीस्करपणे विसरतात.

– एक वाचक